जिन्यावरचीचं बोलणं

९ फेब्रुवारी

आत्या,

तुझा फोन बंद आहे म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या मैत्रिणीने, रंगमावशींनी दिला, तोही कुरकुरत. म्हणाल्या, "फक्त पत्ता देतेय हं, बाजू घेत नाहीये कुणाची." तू त्यांच्याकडे आहेस आणि दोन वेळा जेवतेस एवढं कळलं. पुढचं विचारायला गेले तर "माझं दूध उतू जातंय" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या शिलाई मशीनवर मी चादर घातली होती. आई म्हणाली, काढ ती, माणूस गेल्यासारखं वाटतं. काढली. बाबा कामावर जातात, लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतात, घरी येतात. नेहमीसारखे दारात बूट काढून ते हातात घेऊन आत येतात आणि पलंगाखाली ठेवतात. परवा आईने नेहमीची चेष्टा केली, "ठेवा, ठेवा. तुमच्या त्या फाटक्या बुटांवर अख्ख्या गल्लीचा डोळा आहे." एरवी बाबा यावर हसतात. परवा हसले नाहीत.

मला तुला नीट समजावून सांगायचं आहे. माहितीपटाच्या पहिल्या खेळातून तू अर्ध्यातच उठून गेलीस, म्हणून तुला शेवट दिसला नाही. तुझा आवाज संपल्यावर पूर्ण अंधार होता आणि त्या अंधारात कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर एक अनोळखी बाई माझ्याजवळ आली. तिच्या सासूबाई कितीतरी वर्षं अंथरुणावर होत्या. माझा हात धरून म्हणाली, "मला वाटायचं, असं मनात येणारी मी एकटीच." आत्या, ही बाई तुझ्यामुळे त्या दिवशी घरी हलकी होऊन गेली. हे तुला कळायला हवं.

आणि त्या जुन्या टेपवर तू बोललीस त्यात लाजण्यासारखं काय होतं? "आई, मी दमले गं. तुझी कूस बदलून बदलून माझे हात भरून आलेत. तू आता जा. मी रडेन, पण तू जा. कुणी हाक मारणार नाही अशी एक झोप मला हवी." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुझा अभिमान वाटला. आजीसाठी तू लग्न केलं नाहीस, कपडेपटातलं काम सांभाळून तिचं सगळं केलंस, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाबा तर तुझ्यासमोर आवाज चढवत नाहीत. पण त्या सगळ्यात तू कुठे होतीस? टेपवर मला पहिल्यांदा तू भेटलीस.

तुला न सांगता ते दाखवायचं, हे सरांनी ठरवलं. माहितीपट त्यांचा आहे. मी मदतनीस आहे, त्यांच्यापुढे माझं कितीसं चालणार?

तू मुलाखतीला होकार दिला होतास, हेही विसरू नकोस. कॅमेऱ्यापुढे किती छान बोललीस! नायिकेचा तो पांढरा पायघोळ झगा तू शिवलास, घेराला टाचण्या लावायला जिन्याशी बसलीस, आणि उलट्या पावलांनी जिना चढायची वेळ आली तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "मी पडले तर?" त्यावर दिग्दर्शकांनी तुझ्याकडे बोट केलं, "ही पडली तर चालेल." सगळं युनिट हसलं होतं. मग तू कॅमेऱ्याकडे तोंड करून मागे मागे जिना चढलीस, फिल्म उलटी फिरवली, आणि त्या भयपटातलं भूत, ती 'जिन्यावरची', खाली उतरायला लागली. शाळेत पोरं भिंतीला टेकून तिचं ते अगम्य बडबडणं करायची आणि मी छाती काढून सांगायचे, ही माझी आत्या.

एकदा फोन लाव.

तुझी,
पदवीधर

१६ फेब्रुवारी

आत्या,

उत्तर नाही. रंगमावशींना फोन केला. म्हणाल्या, "पत्र मिळालं. वाचलं की नाही ते मला विचारू नकोस. तुझी आत्या माझ्या सगळ्या पडद्यांना झालर लावत सुटलीये. घर नाटकाच्या तंबूसारखं झालंय."

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ते सरांनी ठरवलं नव्हतं. सरांना टेपबद्दल काही माहीतच नव्हतं. मी त्यांच्याकडे घेऊन गेले.

तुला आठवतं ना, मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, "आवाजाच्या खोलीत तुम्ही नेमकं काय बोललात?" तू हसलीस. म्हणालीस, "दिग्दर्शक म्हणाले, काहीही बोल, फक्त थांबू नकोस. टेप उलटी लावल्यावर देवाच्या बापालाही कळणार नाही. मी काय, कपड्यांची यादी म्हटली असेन. आता कोण लक्षात ठेवतंय!" आणि लगेच पाणी मागितलंस. मी शेजारीच होते. पेला मीच आणून दिला. तो तू तोंडाला न लावताच खाली ठेवलास. तेव्हा कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं. तू काहीतरी लपवतेयस हे कळलं म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी त्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रक आजोबांकडे गेले.

आजोबांकडे जुन्या टेपांचं कपाट आहे. ते बिचारे खूश झाले. त्यांच्याकडे हल्ली कुणी येत नाही. तुझी टेप शोधून यंत्रावर चढवताना मला म्हणाले, "उलट ऐकायची की सुलट?" मी म्हटलं, "सुलट." त्यांना गंमत वाटत होती. पहिली दोन वाक्यं झाल्यावर ते उठून खिडकीपाशी गेले. मी मात्र पुन्हा पुन्हा ऐकत बसले.

आणि मला काय वाटलं सांगू? मला हे काम तुझ्यामुळे मिळालं होतं. सरांनी विचारलं, भयपटांबद्दल तुला काय माहीत आहे, तेव्हा मी म्हटलं होतं, "सर, सगळ्यात गाजलेलं भूत आमच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेलं असतं." त्या एका वाक्यावर त्यांनी मला घेतलं. तेव्हापासून काहीतरी मोठं करून दाखवायचं डोक्यात होतं. मला पदवी मिळाली त्या दिवशी तूच म्हणाली होतीस, "घरातली पहिली पदवी. आता सोड सगळ्यांना शहाणं करून!" तू थट्टेत म्हणालीस. मी मनावर घेतलं.

पहिल्या खेळाला तुला आणि बाबांना दुसऱ्या रांगेत बसवलं तेही मीच. मला तुझा चेहरा बघायचा होता. तू मोकळी होशील असं वाटलं होतं. तुझ्याआधी मी बाबांकडे पाहिलं, आणि मग तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

आज बाबांनी पहिल्यांदा त्याबद्दल विचारलं. मी कांदे कापत होते. मागे येऊन उभे राहिले.

"ती अजून काय म्हणाली होती? त्या टेपवर."

"एवढंच, बाबा."

"एवढंच?"

"हो."

ते गेले. मी कांदा कापत राहिले. बरं झालं कांदा होता.

माहितीपट बारा मार्चला थिएटरात लागणार आहे.

१८ फेब्रुवारी

आत्या,

"एवढंच" नव्हतं. तुला ते माहीतच आहे. मी काय कापलं ते तू त्या अंधारातच ओळखलं असणार. म्हणून उठलीस ना?

मला आत्ता लिहवत नाही.

२५ फेब्रुवारी

आत्या,

आता लिहिते.

टेपवर शेवटी तू थोडी थांबतेस. दिग्दर्शकांनी थांबू नकोस म्हणून बजावलं होतं तरी थांबतेस. मग म्हणतेस, "हे दादाला कधी कळू नये."

संकलनाच्या खोलीत मी एकटी होते. ती ओळ ठेवली तर आधीचं काहीच वापरता येणार नव्हतं, कारण मग ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं की तू नको म्हणाली आहेस. म्हणून मी ती ओळ कापली. सरांना ऐकवली ती कापलेलीच टेप. तिथे श्वास अर्धवट तुटल्यासारखा ऐकू येत होता, म्हणून मी वर वाऱ्याचा आवाज टाकला. सर म्हणाले, वारा फार छान बसलाय. मी "थँक यू सर" म्हणाले.

तू ज्याच्यापासून लपवलंस, त्यालाच मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मी स्वतःला सांगत होते की दादा म्हणजे बाबा असले तरी ती तीसेक वर्षांपूर्वीची भीती, आता तिचं काय! तुझी भीती जुनी झाली की नाही, ते मी ठरवलं.

बाबांना मी आपण होऊन सांगितलं असं लिहिणार होते. तसं झालं नाही. परवा ते म्हणाले, "त्या ध्वनिमुद्रकांचा पत्ता दे. पूर्ण टेप ऐकून येतो." तेव्हा मी सांगितलं. मग काल दुपारी आई बाजारात गेली असताना पूर्ण टेप लावली. तुझी शेवटची ओळ ऐकून ते पलंगावर बसले. मला वाटलं, आता मला काहीतरी बोलतील. त्यांनी पलंगाखालून बूट काढले आणि मांडीवर घेतले.

"हे आत का ठेवतो, कधी विचारलं नाहीस तू."

"आई चेष्टा करते, तेवढंच ठाऊक."

"तुझ्या आईलाही ठाऊक नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगण्यात अर्थ नाही, तू तिथे होतीस. पण ते म्हणाले, "लिही तिला. मी सांगितलं तसं लिही." म्हणून लिहिते आहे.

ते तेव्हा दुसऱ्या गावी लिफ्टा बसवायच्या कामावर होते. सुट्टीला आले की आजीजवळ बसायचे. एकदा दारात बूट घालता घालता ते तुला म्हणाले, "चिमे, आई आता सुटली तर बरं गं." एकच बूट पायात होता. दुसरा तू उचललास आणि जिन्यावरून खाली भिरकावलास. म्हणालीस, "पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस." ते नंतरही आले होते. जिन्यात उभे राहिले. तू दार उघडलं नाहीस. कडी आतून हलत होती म्हणे, पण उघडली नाहीस. मग दार उघडलं ते आजी गेल्यावर. त्यांना ती जिवंत पुन्हा दिसली नाही.

मला म्हणाले, "मला वाटायचं, माझ्यासारखा मुलगा कुणाच्या पोटी येऊ नये. आईच्या मरणाची वाट बघणारा. आणि ही बघ, हात झिजवतेय. तिने हाकललं ते बरोबरच केलं. जन्मभर तिचा शब्द मी खाली पडू दिला नाही, तो काय उगाच?"

मग त्यांनी विचारलं, "ही टेप कधीची आहे?"

आजोबांनी डब्यावर महिना लिहिला होता. मी सांगितला. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. म्हणाले, "म्हणजे मी जिन्यात उभा राहत होतो तेव्हाची. तेव्हा तिलाही तेच वाटत होतं." आणि मग, आत्या, त्यांचा आवाज चढला. घरात मी तो कधी ऐकला नव्हता. "मग दार का नाही उघडलं? तिला म्हणावं, मग दार का नाही उघडलंस?"

खरं बाहेर यायला हवं, असं मी सगळीकडे बोलत फिरत होते. ते बाहेर आलं आहे आणि मांडीवर बूट घेऊन पलंगावर बसलं आहे. त्याचं पुढे काय करायचं, मला कुणी शिकवलेलं नाही.

तू मला माफ कर असं लिहिणार नाही. सध्या घरात तुझ्याकडून काही मागायचा हक्क असेल तर तो बाबांचा आहे.

८ मार्च

आत्या,

हे पत्र टपालाने येत नाहीये. ते बाबांच्या खिशात आहे; पोचल्यावर आधी दाराखालून आत सरकवा, असं मी त्यांना बजावलंय. सकाळच्या गाडीने ते तुझ्याकडे निघालेत. पण आधी मला जे सांगायचं ते सांगते, कारण एकदा तू दार उघडलंस की हे वाचायची नाहीस.

माझं मागचं पत्र पोचल्यावर रंगमावशींचा फोन आला. म्हणाल्या, "काय लिहिलंस गं पोरी? झालर अर्धीच लटकतेय. माझ्या मशीनवर बसत नाही की काही नाही." मग म्हणाल्या, "तिने एक निरोप दिलाय. मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही. ती म्हणते, दादाला विचार, दुसरा बूट सापडला होता का."

मी बाबांना विचारलं. ते जेवत होते. घास हातात तसाच राहिला. मग हसायला लागले. आई घाबरली, तिला वाटलं ठसका लागला. "सापडला होता," म्हणाले, "खालच्या बाईंच्या बादलीत. त्यांनी पिळून दिला. बूट पिळतं का कुणी! तसाच ओला घालून गाडीत बसलो." आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले. आई माझ्याकडे बघत होती. तिला मी नंतर सगळं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "आणि मी इतकी वर्षं त्या बुटांची चेष्टा करत होते?"

मी म्हटलं, "मग सांगू का आत्याला, सापडला म्हणून?"

"तू नको," बाबा म्हणाले. "तू पुष्कळ सांगितलंस. मी सांगतो."

त्यांचा राग गेला आहे असं समजू नकोस. काल बॅग भरताना मध्येच म्हणाले, "विचारणार आहेच मी तिला." काय विचारणार ते तुला माहीत आहे. तुझ्याकडे उत्तर आहे की नाही, मला माहीत नाही. नसलं तरी ते येताहेत.

आता माझं. सरांना मी सगळं सांगितलं, वाऱ्याचंसुद्धा. तुझा सुलट आवाज काढून टाका म्हटलं. ते चिडले. म्हणाले, "एका बाईचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकू आला, आणि तू तो परत दाबतेयस?" हे वाक्य माझंच आहे. टेप त्यांच्याकडे नेली तेव्हा मीच त्यांना ऐकवलं होतं. दाराशी जाईपर्यंत ते मला पुन्हा पटायला लागलं होतं, खरंच सांगते. मग मी परत फिरले आणि म्हटलं, "सर, ती नको म्हणाली होती. टेपवरच म्हणाली होती. मी कापलं ते." दुसऱ्या दिवशी संकलकांना निरोप गेला. आता शेवटी जिन्यावरची उतरते तेव्हा ती चित्रपटात बोलायची तशीच बोलते, उलट. सर म्हणतात, माहितीपटाचा शेवट पडलाय. पडलाय खरा. पुढच्या कामाला मला बोलावतील असं वाटत नाही.

आजोबांकडची मूळ टेप मी मागून आणली. ती बाबांच्या बॅगेत आहे, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. माझ्याकडची प्रत मी पुसली आहे. पहिल्या खेळाला आलेल्या माणसांच्या कानातून मात्र मला काही पुसता येणार नाही. त्या दिवशी माझा हात धरणारी ती बाई मला अजून आठवते. तिला बरं वाटलं हे खरंच आहे. पण ते मी तुझ्या जिवावर दिलं. बाबा हसले, आणि आता तुझ्याकडे निघालेत, यावरून मी बरोबर होते असंही मला धरायचं नाहीये. उद्या तुम्ही दोघं हसत घरी आलात तरी धरणार नाही.

एक विचारायचं आहे. त्या चित्रपटात तुझं नाव कुठेच नाही, ना कपड्यांसाठी, ना भुतासाठी. माहितीपटात ते घालायचं का? आधी मी विचारलं नसतं, घालून मोकळी झाले असते. या वेळी विचारते आहे. नको असेल तर नको.

बाबा दार वाजवणार नाहीत. मी त्यांना ओळखते. रंगमावशींच्या जिन्यात येतील, हे पत्र सरकवून एका बाजूला होतील आणि तू आतून ऐकतेयस की नाही याचा अंदाज घेत उभे राहतील. सवयीने त्यांनी बूट काढून हातात घेतलेले असतील. तेवढे त्यांच्या हातातून घे आणि दारात ठेव. फेकू नकोस.